वजा एकतीस

माणसाच्या डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. वाढताना तो मुळाशी असलेल्या रक्तातून काही ना काही उचलत असतो, आणि उचललेलं सहसा सोडत नाही. त्यात कॉर्टिसॉल असतं. माणूस धास्तावला, उपाशी राहिला, आजाऱ्याच्या उशाशी आठवडेच्या आठवडे बसला, की शरीर हे संप्रेरक जास्त तयार करतं. म्हणून टाळूलगतचा पहिला सेंटिमीटर गेल्या महिन्याचा, दुसरा त्याच्या आदल्या महिन्याचा, असं मागं मागं जात माणसाचा ताण वाचता येतो.

हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पण त्यासाठी केस दळायचे, मिथेनॉलमध्ये भिजत घालायचे, दोन दिवस थांबायचं. मी बारावीत होते तेव्हा केसवाचक आला. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. खाचेत केसांची बारीक बट ठेवली की आतला लेझर तिच्यावर मिलिमीटरभर अंतरानं सूक्ष्म ठिपके जाळत जातो आणि उडालेल्या वाफेतले रेणू मोजतो. चार मिनिटांत आलेख हातात.

कंपन्यांनी नफ्यातला काही वाटा समाजकार्यावर खर्च करावा हा नियम जुनाच होता. पूर्वी त्याचे अहवाल म्हणजे फोटो असायचे. झाडाला पाणी घालणारे साहेब, दप्तरं घेऊन रांगेत उभी केलेली मुलं. केसवाचक आल्यावर सरकारनं विचारलं, खर्च राहू द्या, लोकांचं दुःख किती कमी झालं ते दाखवा. गावातल्या वाचनांच्या सरासरीला दिलासा निर्देशांक म्हणायला लागले. पहिल्या मोजणीचा आकडा शंभर धरायचा आणि वर्षानं पुन्हा मोजायचं. निर्देशांक वीसनं उतरला तर प्रमाणपत्र मिळायचं, आणि प्रमाणपत्र मिळालेला उपक्रम कंपनीला कुठल्याही गावात नव्या तपासणीशिवाय राबवता यायचा.

व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्था दोन वर्षांत बदलल्या. विपणन आणि वित्त पहिल्या वर्षात उरकायचं. दुसरं वर्ष संपूर्ण क्षेत्रसत्र. प्रत्येक विद्यार्थ्याला एक गाव, एक कंपनी, एक केसवाचक. निर्देशांक जेवढा उतरेल तेवढे गुण. नागपूरच्या आमच्या संस्थेच्या कॅन्टीनमध्ये मुलं एकमेकांना आकड्यांनी हाका मारत. "ए वजा बारा, दोन चहा सांग." एकाच्या गावाचा निर्देशांक चारनं वाढला होता. त्याला 'अधिक चार' म्हणायला लागले, तेव्हापासून तो डबा खोलीत खायचा.

माझा आकडा आला तो वजा एकतीस. संस्थेत तोवर कुणाचाच एवढा आला नव्हता.

*

माझं गाव माथनखेडा. वस्ती सतराशे. कंपनी अरुंधती सिमेंट. तिची खाण गावापासून चार किलोमीटरवर. कंपनीनं गावाचं आरोग्य उपकेंद्र दत्तक घेतलं होतं. तिथल्या सिस्टरांना तालुक्याच्या ठिकाणी पाठवलं आणि त्यांच्या खोलीत आरोग्यखिडकी बसवली. पांढरी केबिन, आत पडदा. हात ठेवला की रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख. प्रश्न मराठीत विचारायचा, उत्तर मराठीत. गरज पडली तर पडद्यावर शहरातला डॉक्टर. खाणीवरच्या तरुणांना ती फार आवडली. कामावरून येताना केव्हाही जाता यायचं, कुणी रागवायचं नाही. मलाही आवडली होती. तिला हात नव्हते, एवढं सोडलं तर यंत्रात दोष नव्हता.

पहिल्या आठवड्यात मी बायकांकडे केस मागितले. लांब केस म्हणजे तीन-चार वर्षांची नोंद. मला हाव सुटली होती. पण माथनखेड्यात विंचरून निघालेला गुंतासुद्धा बाया थुंकून, गुंडाळी करून लपवतात. "केस देत नसतेत बाई," एकीनं दारातूनच सांगितलं. "कोनं करणी केली म्हंजे?" मी नमुना पुरुषांपुरता ठेवला. कटिंग करायला ते येणारच होते.

देवराव नक्षिण्यांचं दुकान एसटीच्या थांब्यासमोर. एक खुर्ची, एक आरसा, एक कूलर. मी कोपऱ्यात स्टुलावर केसवाचक मांडून बसायचे आणि देवरावभाऊ प्रत्येकाच्या मानेवरून टाळूलगत बारीक बट कापून चिमट्यानं माझ्या हाती द्यायचे. टोकं उलटसुलट होऊ द्यायची नाहीत हे त्यांना एकदाच सांगावं लागलं.

"तीस वर्सं लोकायचे केस झाडून फेकले मी," ते म्हणाले. "त्यात एवढं असते हे कोनी सांगतलं असतं तं पोत्यात भरून ठेवले असते."

खुर्चीतला माणूस आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "म्याडम, याच्या कटिंगनं जे टेन्शन वाढते ते कोनत्या महिन्यात दिसते?"

"पुढच्या," मी म्हणाले. दुकान हसलं.

नमुन्याचे नियम मी लिहिले होते. निर्देशांकाला तीन महिन्यांची सरासरी लागते, म्हणून तीन सेंटिमीटरपेक्षा आखूड केस असतील तर नमुना वगळायचा. कारण क्रमांक तीन, 'केस अपुरे'. हा नियम लिहिल्यावर मी त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

*

निकालाच्या दिवशी टिळेकर सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावून पेढा दिला. सरांनी हा अभ्यासक्रम उभा केला होता. वीस वर्षं ते म्हणत आले होते की फोटोंवर समाजकार्य मोजू नका, माणसांवर मोजा. लोक त्यांना हसले होते.

"हर्षाली निमगडे, तू मला वीस वर्षं परत दिलीस," ते म्हणाले. "कंपनी हा उपक्रम एकशे बारा उपकेंद्रांत नेणार आहे. तुझ्या गावावर मी पुढच्या वर्षी दोन तासिका घेणार."

त्यांनी यादी दाखवली. मी कौतुकानं वाचत गेले. सदुसष्टावं नाव हळदवाही होतं.

हळदवाहीच्या उपकेंद्रात माझी आई एकवीस वर्षं सिस्टर आहे.

मी फोन लावायच्या आधीच तिचा आला. "हर्षू, पत्र आलं गं ऑफिसातून. मला ट्रेनिंग सेंटरला बसवतात म्हणे. दोनच वर्षं राहिली होती माझी." मग म्हणाली, "तुझं ते गाव लय चांगलं निघालं म्हणतात."

"हो. एकतीसनं उतरलं."

"यंदाच्या उन्हाळ्यात माणसं किती गेली तिथं?"

"निर्देशांकात ते नसतं, आई."

"असं कसं नसतं? मेलेलं माणूस कुठं तरी दिसलंच पाहिजे ना." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. तिला खरंच माहिती हवी होती. "यंदा सत्तेचाळीसवर गेला होता पारा. माझ्याकडं बावीस जण आणले उचलून. दोन गेले. म्हणून विचारते."

मी संध्याकाळी माहितीचा तक्ता उघडला. पहिल्या मोजणीत दोनशे बारा पुरुष. वर्षानं, जूनअखेरीस, एकशे त्रेसष्ट. एकोणपन्नास कमी. पाच जण कामाला परगावी. उरलेल्या चव्वेचाळिसांच्या नावापुढे एकच खूण होती. कारण क्रमांक तीन. मोजणी केली तेव्हा मला वाटलं होतं, उन्हाळा आहे, लोक बारीक कापतात.

दुसऱ्या दिवशी मी माथनखेड्याला गेले.

*

देवरावभाऊंना मी नावांची यादी वाचून दाखवली. ते गिऱ्हाईकाच्या गालावर वस्तरा फिरवत ऐकत होते. पाचव्या-सहाव्या नावाला त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"हे तं समदे मुंडनवाले झाले जी."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? घरी मयत झाली का दहाव्याला डोकं भादरते ना माणूस. पोरं, पुतणे, नातू, समदे. नदीवर मीच जातो." ते बोटांवर मोजायला लागले. पाडव्यापासून जूनअखेरपर्यंत सतरा मयती. प्रत्येकीचं नाव, दिवस, किती डोकी हे त्यांना तोंडपाठ होतं. आदल्या वर्षी त्याच तीन महिन्यांत पाच झाल्या होत्या. तेव्हा सिस्टर होत्या.

"तुम्ही मला बोलला का नाहीत, भाऊ?"

ते खरोखरच चकित झाले. "तुमी इचारलं कुठं जी? तुमी म्हनलं, आखूड असन तं घेऊ नका. मी नाही घेतले. मले वाटलं, सुतकातल्याचे केस मशीनले चालत नसतीन."

आमच्या घरी आजोबा गेले तेव्हा विहारात वंदना झाली, घरी पुण्यानुमोदन झालं. कुणी डोकं भादरलं नाही. हा प्रकार मला ठाऊक नव्हता असं नाही. रस्त्यात मुंडन केलेले लोक कुणाला दिसत नाहीत? पण नियम लिहिताना ते माझ्या डोक्यात आलं नाही. माथनखेड्यातल्या कुठल्याही माणसाला ते आधी आलं असतं.

तिथंच स्टुलावर बसून मी हिशेब केला. त्या चव्वेचाळीस जणांचं पहिल्या मोजणीतलं वाचन माझ्याकडे होतं. ते गावाच्या सरासरीच्या दुप्पट निघालं. साहजिक होतं. त्यांच्या घरात म्हातारी, आजारी माणसं होती आणि ते त्यांची उस्तवार करत होते. त्यांना पहिल्या मोजणीतून काढलं की उरलेल्या गावाचा आकडा शंभरावरून थेट चौऱ्याहत्तरावर येत होता. म्हणजे एकतीसपैकी सव्वीस ही घट नव्हतीच. सर्वात दुःखी माणसं मोजणीतून निघून गेली होती, एवढंच. पुढं त्यांचे केस वाढतील, पण ते दहाव्याच्या दिवसापासूनचे असतील. आजारपण, धावपळ, मरण, सगळं नदीत गेलेलं.

खिडकीनं जितकी माणसं गमावली असती, तितका तिचा निर्देशांक सुधारला असता.

"मग आता कसं कळणार?" मी स्वतःशीच म्हणाले असेन. दुकानाच्या दाराशी एक बाई चेहऱ्यावर पदर धरून उभी होती. आमचं बोलणं तिनं ऐकलं होतं.

"बायकायचे केस कोनी कापले?" ती म्हणाली.

तिचं नाव पंचफुलाबाई. साठीची. तिचा नवरा मे महिन्यात गेला. खाणीच्या रस्त्यावर चक्कर येऊन पडला, मुलांनी उचलून खिडकीपाशी नेलं. पडद्यानं ताप बरोबर सांगितला, उष्माघात बरोबर ओळखला. रुग्णाला थंड ठेवा, शिरेतून पाणी देण्याची सोय असलेल्या केंद्रात हलवा, असं सांगितलं. तसं केंद्र एकतीस किलोमीटरवर होतं. मुलं गाडी शोधत राहिली, आणि पडदा दर दोन मिनिटांनी तेच सांगत राहिला.

"चुकीचं नाही बोलला तो," पंचफुलाबाई म्हणाली. "बोलूनच रायला फक्त."

तिनं अंबाडा सोडला. मी कात्री हातात घेतली आणि थांबले. "तुम्हांला चालेल ना? करणी वगैरे..."

"आता आनखी कोनती करणी होनार हाये बाई? काप."

तिचे केस छत्तीस सेंटिमीटर होते. तीन वर्षं. मी यंत्रातून आलेख बाहेर येताना पाहत होते. लहानमोठे चढउतार, घरातलं एक लग्न, सुनेचं बाळंतपण, हे ती बोट ठेवून ओळखत गेली. मग मे महिन्यात रेघ चढत गेली आणि यंत्राच्या मापाबाहेर गेली. यंत्रानं वर 'वाचन अवैध' असं लिहिलं.

दोन दिवसांत तिनं आणखी अठरा जणी आणल्या. त्या एकोणीस जणींचा निर्देशांक वर्षभरात बावीसनं वाढला होता.

*

टिळेकर सरांनी माझं टिपण दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"माझे वडील गेले तेव्हा मी स्वतः मुंडन केलं होतं," ते म्हणाले. "तरी सुचलं नाही."

मला वाटलं, संपलं. आता प्रमाणपत्र थांबेल.

"पण हे एकोणीस नमुने ठरलेल्या नमुन्याबाहेरचे आहेत," ते पुढं म्हणाले. "सगळ्या दुःखातल्या बायका, एकीनं दुसरीला बोलावून आणलेल्या. तूच परीक्षक असतीस तर स्वीकारले असतेस?"

"नाही, सर. पण पुरुषांचा आकडाही स्वीकारला नसता."

"बरोबर." ते उठून खिडकीशी गेले. "हर्षाली, राज्यातलं हे पहिलं मोठं प्रमाणपत्र आहे. हे पडलं तर लोक म्हणतील मोजणीच खोटी. कंपन्या आनंदानं परत बाकडी रंगवतील आणि फोटो काढतील. मी ते दिवस पाहिलेत. मापन टिकलं तर पुढच्या वर्षी आपण ते सुधारू. बायकांचे केस घेऊ. तुझ्या नावानं घेऊ."

"आणि पुढच्या उन्हाळ्यात, सर? एकशे बारा ठिकाणी?"

ते टेबलाशी परत आले. त्यावरचा एक कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याचं विधान. एकच वाक्य होतं: वगळलेल्या नमुन्यांची कारणं यादृच्छिक असून त्यांचा निर्देशांकावर परिणाम होत नाही. खाली माझ्या सहीची जागा.

"तू सही केली नाहीस तर सत्र रद्द होईल. पदवी जाईल. प्रमाणपत्र मात्र फार तर एक महिना लांबेल. कंपनी दुसऱ्या विद्यार्थ्याकडून मोजून घेईल, त्याच नियमांनी. नियम मंजूर आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "यादीत तुझ्या आईचं केंद्र आहे ना? मला काल कळलं. यादी मी पाठवतो. एखादं नाव कमी केलं तर कुणी विचारत नाही."

मी ते टिपण सरकारी कार्यालयाला पाठवू शकले असते. नंतर वर्षभर मी स्वतःला तेच सांगत राहिले. पण तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं हळदवाहीचं उपकेंद्र होतं. दारातला पाण्याचा माठ, सलाईनसाठी भिंतीत ठोकलेले आठ खिळे. बावीस आले, दोन गेले. वीस माणसं वाचतात ती हळदवाहीत वाचतात, हे मला आकड्यांनिशी माहीत होतं. सही न करून मी कुणालाच वाचवत नव्हते, सही करून वीस जणांना वाचवत होते. शिकवलेल्या कुठल्याही पद्धतीनं हिशेब केला तरी उत्तर एकच येत होतं.

मी सही केली. वाक्य खोटं आहे हे त्या खोलीत आम्हां दोघांनाही माहीत होतं.

*

"आई, तुझं केंद्र यादीतून निघालं."

"असं? कसं गं?"

मी तिला सगळं सांगितलं. तिच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही. मागं कुणाचं तरी लहान लेकरू रडत होतं आणि ती त्याला थोपटत असावी, तसा आवाज येत होता.

"बाजूच्या गावांचं काय झालं?" तिनं विचारलं.

"ती आहेत यादीत."

"बोरटेकडी?"

"आहे."

"मोहगाव? वडसापूर?"

"आहेत, आई."

"बरं," ती म्हणाली. "लेकराला सुई द्यायची आहे. ठेवते."

त्यानंतर ती मला फोन करेनाशी झाली. मी केला की बोलायची. जेवलीस का, पगार वेळेवर होतो का, एवढंच. संस्थेनं मला त्याच विभागात साहाय्यक म्हणून घेतलं होतं.

टिळेकर सरांनी शब्द पाळला. माझं टिपण त्यांनी फेकलं नाही. पाठ्यपुस्तकाच्या परिशिष्टात 'मापनाच्या मर्यादा' या मथळ्याखाली छापलं, माझ्या नावानं. बायकांचे केस घ्यायचा प्रस्तावही त्यांनी पाठवला. तो समितीपुढं आहे.

मार्चमध्ये पुढच्या तुकडीच्या विद्यार्थ्यांनी आपापले उपक्रम मांडले. मी परीक्षक म्हणून बसले होते. शार्दूल नावाचा एक हुशार मुलगा उभा राहिला. त्याच्या गावात आरोग्यखिडकी होतीच, तिच्या जोडीला त्यानं कंपनीकडून अंत्यविधी साहाय्य योजना सुरू करून घेतली होती. लाकडं, वाहन, आणि दहाव्याला न्हाव्याची मोफत सेवा. घरातल्या पुरुषांनाच नव्हे, भाऊबंद, शेजारी, मित्र, ज्याला दुःखात सहभागी व्हायचं असेल त्या प्रत्येकाला.

"गावाला फार आवडलंय, मॅडम. लोक म्हणतात, आजवर आम्हांला एवढं कुणी विचारलं नव्हतं."

"ही कल्पना कुठून सुचली?"

तो जरा लाजला. "परिशिष्टातून. तुमच्याच."

"मोजणी केव्हा?"

"जूनअखेर. मंजूर वेळापत्रकच आहे. अंदाज वजा चव्वेचाळीस येतोय."

वर्गात कुणीतरी शिट्टी वाजवली. मी मूल्यमापनाच्या तक्त्याकडे पाहिलं. नियमभंग असा रकाना होता. नियम त्यानं एकही मोडला नव्हता. मी त्याला गुण दिले.

*

मे महिन्यात मी न सांगता हळदवाहीला गेले. अकराच्या सुमाराला एसटीतून उतरले तेव्हाच दिसलं की उपकेंद्राच्या आवारात माणसं मावत नाहीत. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मोटारसायकली, एक उलटी खाट चौघांनी खांद्यावर आणलेली. आई व्हरांड्यात गुडघ्यांवर बसून एका म्हातारीच्या हातावर शीर शोधत होती. भिंतीचे खिळे संपले होते. सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना, दोरीला, एका माणसानं उंच धरलेल्या काठीला लटकत होत्या. आई वर्षात फार वाळली होती. आपल्या आईला आपण ओळखतो म्हणून मी ओळखलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "आलीस? बस. ते रजिस्टर घे."

मी फरशीवर बसले. समोरच्या माणसाच्या मांडीवर त्याचा बाप होता. मी नाव विचारलं, वय विचारलं.

"गाव?"

"बोरटेकडी."

मी लिहिलं. पुढचा. मोहगाव. पुढचा. वडसापूर, मग शिरपूरटोला, मग नांदझरी. आधी बाजूची गावं, मग वीस, तीस, चाळीस किलोमीटरवरची. प्रत्येक नाव ऐकताना यादीतला त्याचा क्रमांक मला आठवत होता. काहींच्या गावाचं नाव त्यांनी सांगायच्या आत माझ्या हातून लिहून व्हायला लागलं. कुठल्या रस्त्यानं आले एवढं कळलं की पुरे होतं.

बोरटेकडीचा म्हातारा साडेबाराला गेला. आईनं त्याच्या हाताची सुई काढली, त्याच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला, आणि तीच सुई फेकून नवी घेऊन पुढच्याकडे सरकली. माझ्या शेजारून जाताना तिनं रजिस्टरवर नजर टाकली. अकरा ओळी, अकरा गावं.

"इतक्या वर्षांत यातली निम्मी गावं मी पाहिली नाहीत," ती म्हणाली. "लोक माणसं इथवर आणायला लागले तेव्हा मला एकेक नाव कळलं. तुला आधीच माहीत होती."

"हो," मी म्हणाले.

फाटकातून आणखी एक ट्रॉली आत येत होती.

"मग विचारत बसू नको," ती म्हणाली. "लिहीत जा."